संत्र्यांच्या रानातील एक गाव

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



परदेशी जाऊन आलेल्या सभासदाने संमेलनात चार शब्द सांगावेत, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. अशा हकिगतींत राजवाडे, पूल आणि पदार्थसंग्रहालये यांना मानाचे स्थान असते. माझ्याजवळ त्यांतले फारसे काही नाही. मी आज आपणांस स्पेन देशातील जेमतेम दीड हजार वस्तीच्या एका खेड्यात घेऊन जाणार आहे. तेथे पाहण्यासारखे म्हणून जे आहे ते एवढेच, की गावाच्या भिंती जेथे संपतात तेथे संत्र्यांच्या बागा सुरू होतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या बाजूंस संत्र्याचा बगीचा आहे, किंवा वडिलांच्या काळी होता. म्हणून या गावाची हकिगत आपणांस परकी वाटणार नाही, असा मला भरवसा आहे.

माझी कन्या नोकरीनिमित्त व्हॅलेन्सिया शहरी असते. गेल्या एप्रिल महिन्यात तिच्याकडे राहण्याचा योग आला. तिच्या एका सहकाऱ्याचे वडील बेनिफायरो दे ला वायदिग्ना या गावी शेती करतात. त्यांनी मोठ्या अगत्याने आम्हांस बोलाविले. शहरापासून दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटर गेल्यावर रस्ता डोंगरांच्या कुशीत शिरतो आणि एक दरी समोर येते. तिच्या तीन बाजूंस उघडेबोडके, करड्या दगडांचे डोंगर आहेत आणि पूर्वेच्या बाजूस भूमध्य समुद्र आहे. मधली सारी सपाटी गर्द हिरवी. त्या हिरव्या रंगात सिमात, बेनिफायरो आणि तावेर्नेस ही तीन गावे, पाण्यात दगड दिसावेत तशी दिसतात. गाव दृष्टीस पडण्यापूर्वीच आम्हांस त्याचा वास आला. एप्रिल हा तिकडे संत्र्याच्या फुलोऱ्याचा महिना.

गावात एकमेकांस चिकटून बांधलेली घरे, अरुंद गल्ल्या, मध्ये चर्चचा मनोरा आणि त्याभोवती छोटा चौक. आमचे यजमान पंचाहत्तरीच्या घरातले, अंगाने सडसडीत आणि बोलण्यात मोजके. ते त्यांच्या भाषेत बोलत आणि माझी कन्या दुभाषाचे काम करी. प्रथम त्यांनी बाग दाखविली. एकाच झाडावर पिकलेली फळे आणि पांढरी फुले शेजारी शेजारी होती. उशिरा पिकणाऱ्या जातीची गेल्या हंगामाची फळे अजून उतरविलेली नव्हती, आणि नव्या हंगामाचा फुलोरा आला होता. आपल्याकडे आंबिया आणि मृग असे दोन बहार धरता येतात, आणि त्यांसाठी पाणी तोडून झाडास ताण द्यावा लागतो. तिकडे हिवाळ्याची थंडीच झाडास ताण देते आणि वसंतात एकच बहार फुटतो. हे मी सांगितले तेव्हा यजमान थांबले आणि ताण किती दिवस देता, पाने किती गळू देता, असे बारीक प्रश्न विचारू लागले. जगातील दोन बागाईतदारांस एकमेकांशी बोलण्यास भाषा फार लागत नाही, हे मी तेथे अनुभवले.

येथे फळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. तिकडे ज्यास मुख्यत्वे संत्रे म्हणतात ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्या मोसंबीच्या जातीचे आहे. रात्री थंड पडत असल्याने त्याच्या सालीस गडद नारिंगी रंग चढतो, इतकेच. आपले नागपुरी संत्रे, ज्याची साल हाताने सहज सुटते, ते निराळ्या जातीचे. त्याची भावंडेही तिकडे लावलेली आहेत. फळाच्या नावाचा प्रवास तर मोठा गमतीचा आहे. आपल्या संस्कृतातील नारंग शब्द इराणात गेला, तेथून अरबांनी घेतला, आणि अरबांबरोबर तो स्पेनमध्ये पोचून नारान्खा झाला. कोकणातील माणूस आजही नारिंग म्हणतो. अरबांनी आंबट नारिंग नेले. गोड संत्रे कित्येक शतकांनी गेले. या प्रांतात विक्रीसाठी संत्र्याची पहिली मोठी बाग कार्काशेन्त या गावी १७८१ साली तेथील एका पाद्रीने लावली, असे मानतात. तोवर त्या भागात रेशमासाठी तुतीची झाडे होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेशमाच्या किड्यांवर रोग पडला, तुती उपटली गेली, आणि तिच्या जागी संत्रे आले. आगगाडी आणि आगबोट यांनी ते फळ इंग्लंडच्या बाजारात नेले. म्हणजे आज जे रान अनादि काळापासूनचे वाटते, ते वस्तुतः पाच-सात पिढ्यांच्या मेहनतीचे आहे.

आता गावाच्या नावाकडे येतो. कारण आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या सभेत त्याचे विशेष महत्त्व आहे. त्या प्रांतात बेनि या शब्दाने आरंभ होणारी गावे पदोपदी लागतात. बेनिफायरो, बेनिफायो, बेनिमाक्लेत, बेनिकासिम, बेनिदोर्म. बेनि हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ अमक्याची मुले, अमक्याचे कुळ. मुसलमानी अमदानीत एकेका कुळाने वस्ती केली, पाट काढला, आणि वस्तीस आपल्या कुळाचे नाव दिले. पुढे १२३८ साली जाउमे राजाने व्हॅलेन्सिया जिंकले. १२९८ साली त्याच्या नातवाने, दुसऱ्या जाउमेने, ही दरी एका ख्रिस्ती मठास दिली. त्या मठाच्या भव्य इमारती सिमात गावी आजही उभ्या आहेत. कुळे मात्र शेतातच राहिली. त्यांस बळाने ख्रिस्ती करण्यात आले, तरी जमीन तीच कसत होती. अखेर १६०९ साली तिसऱ्या फिलिप राजाने फर्मान काढून त्या सर्वांस देशाबाहेर घालविले. व्हॅलेन्सिया राज्याच्या लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा त्या फर्मानाने बंदरांकडे हाकलला गेला आणि जहाजांत घालून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरविला गेला. सिमातनजीक त्या लोकांची एक लहानशी जुनी मशीद आहे. पुढे तिचे ख्रिस्ती देऊळ झाले. आम्ही गेलो तेव्हा आसपास कोणी नव्हते.

तर ज्या कुळाचे नाव बेनिफायरो गाव मिरविते, त्या कुळाचा एकही माणूस चारशे वर्षांपासून तेथे नाही. रिकाम्या घरांत नवे लोक आणून बसविले गेले. त्यांचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या. मी यजमानांस विचारले की, मग जुन्या लोकांचे आता येथे काय उरले? त्यांनी उत्तर न देता पायाशी बोट दाखविले. तेथे पाट होता.

पाटास तिकडे असेकिया म्हणतात. तोही अरबी शब्द, मूळचा साकिया. पाटाची वाट, पाण्याच्या पाळीची रीत आणि पाटावरच्या पुष्कळशा संज्ञा त्या हाकललेल्या लोकांच्याच आहेत. जाउमे राजाने व्हॅलेन्सिया जिंकल्यावर पाट लोकांच्या स्वाधीन करताना, पूर्वीच्या अमदानीत पाणी जसे वाटले जाई तसेच ते वाटावे, असे ठरवून दिले होते. राजे पालटले, धर्म पालटले, माणसेसुद्धा पालटली. पाण्याची शिस्त पालटली नाही. कारण जो कोणी नवा माणूस त्या जमिनीवर येई, त्यास वरच्या शेजाऱ्याकडून पाणी घ्यावे लागे आणि खालच्या शेजाऱ्यास द्यावे लागे.

या शिस्तीचे सर्वांत प्रसिद्ध रूप खुद्द व्हॅलेन्सिया शहरात पाहावयास मिळते. दर गुरुवारी भर दुपारी बारा वाजता तेथील मोठ्या चर्चच्या दाराशी, उघड्यावर, आठ शेतकरी अंगात काळे डगले घालून गोलाकार मांडलेल्या लाकडी खुर्च्यांवर बसतात. तुरिया नदीवरच्या आठ पाटांचे ते निवडून दिलेले पंच होत. हे पाण्याचे न्यायासन. चोपदार एकेका पाटाचे नाव घेऊन पुकारा करतो की, या पाटावर कोणाविरुद्ध तक्रार आहे काय? तक्रार असेल तर वादी आणि प्रतिवादी स्वतः उभे राहून बोलतात. वकील नाही, अर्ज नाही, मुद्रांक नाही. कोणी पाळी मोडून पाणी घेतले असेल, पाणी वाया घालविले असेल, आपल्या हद्दीतला पाट साफ केला नसेल, तर तेथल्या तेथे निकाल होतो आणि त्यावर अपील नाही. प्रतिवादी ज्या पाटावरचा असेल, त्या पाटाचा पंच निकालात भाग घेत नाही, आणि नदीच्या एका तीरावरच्या माणसाचा निवाडा दुसऱ्या तीराचे पंच सुचवितात. आपल्या माणसाकडे ओढ असावयाचीच, हे त्या खेडुतांनी ओळखले आणि त्यावर उपाय योजून ठेवला.

मी ज्या गुरुवारी गेलो, त्या दिवशी आठही पाटांचे पुकारे झाले आणि एकही तक्रार आली नाही. पाच-सात मिनिटांत सभा उठली. भोवती जमलेले प्रवासी थोडे हिरमुसले. मला मात्र त्या रिकाम्या सभेचे फार कौतुक वाटले. चावडी दर आठवड्यास उघडी आहे, ही जाणीवच पुष्कळ भांडणे मिटविते. २००९ साली युनेस्कोने या न्यायासनाची जगाच्या वारशात नोंद केली. त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गावकरी मिळून सामायिक साधने कशी राखतात यावर तिने १९९० साली जो ग्रंथ लिहिला, त्यात व्हॅलेन्सियाच्या पाटांचे विवेचन आहे.

बेनिफायरो त्या आठ पाटांच्या हद्दीत येत नाही. परंतु स्पेनच्या १८७९ च्या जलकायद्याने सामायिक पाण्यावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांचे मंडळ सर्वत्र करविले, आणि प्रत्येक मंडळास आपली सर्वसाधारण सभा, कार्यकारी समिती आणि तंटे तोडणारे पंच असावेत असे घालून दिले. आज पुष्कळ ठिकाणी पाटाऐवजी नळ्या आल्या आहेत आणि पाणी ठिबकते. परंतु तळे सामायिक, गाळणी सामायिक आणि खर्चाचा हिशेबही सामायिक. यजमानांची जमीन बारा आनेगादा. एक आनेगादा म्हणजे ८३१ चौरस मीटर, आपले सुमारे सव्वाआठ गुंठे. बारांचा एक हेक्टर. तीही चार ठिकाणी विखुरलेली. एवढ्याशा तुकड्यांवर प्रत्येकाने आपली विहीर, आपले इंजिन आणि आपले तळे करावयाचे म्हटले, तर तो देश केव्हाच कर्जात बुडाला असता.

झाडांच्या बाबतीतही असेच घडले. १९५७ च्या सुमारास या प्रांतात ट्रिस्टेझा नावाचा विषाणूरोग दिसू लागला. त्या शब्दाचा अर्थच मुळी विषण्णता. आंबट नारिंगाच्या खुंटावर बांधलेली कलमे वाळू लागली आणि पुढील काही दशकांत कोट्यवधी झाडे गेली. १९७५ पासून तेथील शास्त्रज्ञांनी कोंबाच्या सूक्ष्म टोकाचे कलम करून रोगमुक्त रोपे तयार केली, खुंट बदलले, आणि केवळ तपासलेली रोपेच लावावयाची असा दंडक पडला. एका शेतकऱ्याने रोगट झाड राखले तर सगळी दरी वाळेल, हे तेथील अशिक्षित म्हातारासुद्धा जाणत होता.

परंतु बंधुभगिनींनो, मी आपणांस रामराज्याचे चित्र दाखवीत आहे असा समज होऊ देणार नाही. दुसऱ्या दिवशी यजमानांनी आम्हांस गावाच्या दुसऱ्या अंगास नेले. तेथे हिरव्या रानात मधूनमधून पिवळी भोके पडली होती. झाडे वाळलेली, खाली गुडघाभर तण. ही माझ्या चुलतभावाची बाग, ते म्हणाले. चुलतभाऊ वारला, तीन मुले तीन शहरांत. कोणी कसत नाही आणि कोणी विकतही नाही, कारण बापाची जमीन विकणे बरे दिसत नाही. ती ओसाड बाग किडीचे आगर झाली आहे आणि त्रास शेजाऱ्यांस होतो. अशा टाकलेल्या बागा त्या प्रांतात हजारोंनी आहेत. फळास भाव मिळत नाही, हे एक कारण. जाणता आडत्या झाडाकडे नुसते पाहून त्यावर किती माल आहे याचा अंदाज करतो आणि बाग उक्ती ठरवितो. ती रीत आपल्याकडेही आहे, आणि त्यातील दुःखेही सारखीच आहेत. माल तोडावयास आता मोरोक्को, रुमानिया अशा देशांतून मजूर येतात. ज्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावर १६०९ साली येथले कुळवाडी नेऊन टाकले, तेथूनच आज माणसे येऊन ही फळे उतरवितात. इतिहासाचा हा फेरा पाहून मन थक्क होते.

यजमानांचा मुलगा, म्हणजे माझ्या कन्येचा सहकारी, दर शनिवारी शहरातून येतो आणि वडिलांस हात देतो. तुझ्यामागे हा चालवील काय, असे मी विचारले. पाळी आली की पाणी घ्यावे लागते, नाहीतर ते पुढे जाते, एवढेच ते म्हणाले. त्या उत्तराचा पुरता अर्थ मला अजूनही लावता आलेला नाही. दुपारी त्यांनी संत्र्याच्या वाळक्या फांद्यांच्या जाळावर पसरट कढईत स्वतः भात शिजवून आम्हांस वाढला. रविवारचा हा भात पुरुषांनी रांधावा, असा तिकडचा शिरस्ता आहे. आमच्यासाठी त्यात फक्त भाज्या घातल्या होत्या.

आणखी एक गोष्ट सांगून मुद्द्याकडे येतो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हॅलेन्सिया प्रांतावर भयंकर पाऊस कोसळला. तुरीस या गावी एका दिवसात ७७० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला आणि प्रांतात दोनशे वीसहून अधिक माणसे पुरात गेली. शहराच्या दक्षिणेकडील गावांत घराघरांतून चिखल भरला. तेव्हा ठिकठिकाणचे शेतकरी आपापले ट्रॅक्टर घेऊन तेथे गेले आणि त्यांनी रस्ते मोकळे केले. आमचे यजमान वयामुळे गेले नाहीत. त्यांचा ट्रॅक्टर गेला. ज्यांच्याकडे गेला ते आपले नातेवाईक होते काय, असे मी विचारले. त्यांस प्रश्नच कळला नाही.

आता आपणांविषयी. आपले मंडळ ज्ञातीचे आहे. आपण वधूवरसूची छापतो, गुणवंत मुलांस पारितोषिके देतो, वडीलधाऱ्यांचा सत्कार करतो. ही कामे चांगलीच आहेत आणि ती चालू राहावीत. परंतु बेनिफायरोच्या पाटीवर ज्या कुळाचे नाव आहे, ते कुळ नाहीसे झाले, आणि त्याने घालून दिलेली पाण्याची शिस्त परक्यांच्या हाती जिवंत राहिली. मग कुळाची खरी मिळकत कोणती म्हणावी? नाव की शिस्त? मला वाटते, आपल्या वाडवडिलांनी जर आपणांस काही दिले असेल तर ते बागाईताचे ज्ञान आणि शेजाऱ्याशी पाणी वाटून घेण्याची रीत. तीच आज आपण गमावीत आहोत. वरूड, मोर्शी या तालुक्यांची गणना भूजलाचा अतिउपसा झालेल्या भागांत झाली. एका बांधावर तीन भावांच्या तीन बोअर आहेत, आणि दर वर्षी प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा खोल जातो. सामायिक विहिरीचा दावा न्यायालयात पडला की विहीर आटते, पण दावा आटत नाही.

आणि हे शिकावयास स्पेनलाच जावे असेही नाही. आपल्याच खानदेशात पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पाटकऱ्याने पाणी द्यावयाचे आणि जागल्याने राखण करावयाची. पाणी कमी झाले तर ते सर्वांसच कमी. पुढे वरच्या अंगास धरणे झाली, विहिरींवर इंजिने बसली, आणि बऱ्याच फडांची घडी विस्कटली. ती मोडली म्हणून युनेस्कोने शोक केला नाही. आपणही केला नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना मंडळाने विचारात घ्याव्यात. पहिली, सामायिक विहिरी आणि बांध यांचे तंटे ऐकण्यासाठी मंडळाने महिन्यातून एक दिवस पंच बसवावेत. एका तालुक्याचा तंटा दुसऱ्या तालुक्याच्या पंचांनी ऐकावा, आणि विहिरीवर आपल्या ज्ञातीबाहेरचा हिस्सेदार असेल तर त्याच्या विश्वासाचा पंच शेजारी बसवावा. पाण्यास ज्ञाती नाही. दुसरी, वधूवरसूचीप्रमाणेच ओसाड पडलेल्या बगीच्यांची सूची करावी. नागपूर-पुण्यास राहणाऱ्या मालकांनी ते बगीचे गावातील कसणाऱ्या तरुणांस, मग तो कोणत्याही समाजाचा असो, लेखी कराराने कसण्यास द्यावेत. तिसरी, नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. रोप कोणते घ्यावे हे शेजाऱ्याच्या सांगण्यावरून न ठरविता तेथे विचारून ठरवावे, आणि यासाठी मंडळाने वर्षातून एक सभा या सभागृहाऐवजी बगीच्यात भरवावी.

या सूचना कोणास रुचतील, कोणास रुचणार नाहीत. ज्ञातीच्या सभेत ज्ञातीबाहेरच्यांची तरफदारी कशाला, असेही कोणी म्हणेल. त्यांस माझे नम्रपणे एवढेच सांगणे आहे की, पाटाच्या वरच्या तोंडाशी आज आपण असू, उद्या दुसरा कोणी असेल. आपण वर असताना जी रीत पाडू, तीच आपण खाली असताना आपल्या वाट्यास येणार आहे.

 सूचनांचा विचार कार्यकारी मंडळाच्या येत्या बैठकीत व्हावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.